हॅम्बर्गचे शेलोमो

(आपल्या प्रार्थनालयाच्या वर्धापनदिन समारंभात केलेले भाषण)



प्रथम एक खुलासा करणे भाग आहे. आम्ही हयात आहोत. मागील स्मरणिकेत दिवंगत सभासदांच्या यादीत आमचे नाव छापले गेले होते आणि त्या वर्षी हश्काबाच्या वेळी ते वाचलेही गेले. वस्तुतः निधन झाले ते आमच्याच नावाच्या एका सद्‌गृहस्थांचे. यादी करणाऱ्यांनी नाव घेतले, पण वडिलांचे नाव व गाव गाळले. पुस्तक घरोघरी पोचल्यावर दोन दिवस आमच्या दारी माणसे येत होती. एक बाई तर उकडलेली अंडी घेऊन आल्या. दार आम्हीच उघडले, तेव्हा त्यांना काय वाटले असेल ते त्यांचे त्यांना ठाऊक. अंडी मात्र आम्ही ठेवून घेतली.

आमचे नाव शेलोमो. हज्जान सेफेरपुढे बोलावतात ते याच नावाने. मुंबईच्या शाळेत मास्तरांनी हजेरीपटावर सालोमन असे लिहिले. आजी मराठी बायबल वाचीत असे, म्हणून ती लाडाने ‘शलमोन राजा’ म्हणायची. आपल्यापैकी ज्यांनी भायखळ्यास किंवा ठाण्यास दिवस काढले त्यांना आठवत असेल, एकेका चाळीत तीन-तीन सालोमन आणि चार-चार सॅम्युएल असत. मग रेल्वेवाला सालोमन, लांब्या सालोमन, पेटीवाला सालोमन असे भेद पडत. पोस्टमनलाही ते पाठ असत. इथे आल्यावर पेटी गेली, रेल्वेही गेली आणि सगळे नुसते शेलोमो झाले. तेव्हा असा घोटाळा आज ना उद्या होणारच होता. परंतु ह्याच घोटाळ्याचा आम्हांला पुढे एका ठिकाणी मोठा उपयोग झाला. तीच हकीकत आज सांगावयाची आहे.

सन २०१९ च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता जर्मनीत हॅम्बर्गला गेलो. धाकटा मुलगा तिथे बंदराशी संबंधित नोकरीत आहे. सूनबाई तिथल्याच ज्यू समाजातील, तिचे घराणे मूळचे ओडेसाचे. आज हॅम्बर्गच्या ज्यू समाजात बहुसंख्य लोक जुन्या सोव्हिएत देशांतून आलेले आहेत. सूनबाईचे दिवस भरत आले होते, आणि मुलगाच होणार हे डॉक्टरांनी सांगितलेले होते. आमच्या घरात पूर्वीपासून पहिल्या नातवाला आजोबांचे नाव ठेवतात. आम्ही स्वतः आजोबांचे नाव घेऊन जन्मलो, आणि त्या वेळी आजोबा दारातल्या खाटेवर बसून पानसुपारी खात होते. तेव्हा बाळाचे नाव शेलोमो, ह्यात विचारण्यासारखे काही आहे असे आम्हांला वाटलेच नाही. सौ.ने तर झबल्यावर हिब्रू अक्षरांत ते नाव भरून ठेवले होते.

तिथे गेल्यावर समजले की सुनेच्या घरी ह्या नावावरून रडारड झाली आहे. अश्केनाझी लोकांत जिवंत माणसाचे नाव मुलाला ठेवीत नाहीत. ठेवले तर मृत्यूचा दूत येईल तेव्हा त्याची गफलत होईल, म्हाताऱ्याऐवजी बाळाला उचलील, अशी जुनी समजूत आहे. सुनेची आजी, पंच्याऐंशी वर्षांची बाई, आमच्याकडे पाही ती अशा नजरेने की जणू ती गफलत आम्हीच घेऊन आलो होतो. आमचाही स्वभाव आपणांस माहीत आहे. आम्ही म्हणालो, आमच्यात हे चालत नाही. बोलणे तिथेच थांबले. दुसऱ्या दिवशी मुलाने, वातावरण निवळावे म्हणून, आम्हांला शहर दाखवायला बाहेर काढले.

आल्टोना नावाचा भाग आता हॅम्बर्गातच आहे. पूर्वी ते वेगळे गाव होते आणि डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखाली होते. तिथे क्योनिगश्ट्रासे ह्या रस्त्यावर ज्यूंचे जुने कब्रस्तान आहे. पोर्तुगालहून आलेल्या ज्यूंनी सन १६११ मध्ये ही जागा घेतली. पुढे अश्केनाझी लोकांनीही शेजारी आपले मृत पुरण्यास आरंभ केला. उंच झाडे, गवत आणि हजारो दगड. पोर्तुगीज ज्यूंचे दगड जमिनीवर आडवे निजलेले, अश्केनाझींचे उभे. मध्ये भिंत नाही, पण कोठे एक समाज संपतो आणि दुसरा सुरू होतो ते लहान पोरालाही कळावे. आपल्या नवगावच्या कबरी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांनी डोळ्यांपुढे आणावे की त्याच गवतात बाजूला परदेशी धाटणीच्या कबरींची एक आळी आहे.

आता ह्या दोन समाजांची नावांची रीतही दगडांसारखीच एकमेकींहून निराळी. सेफार्दी लोकांत थोरल्या नातवाला आजोबांचे नाव देतात, आजोबा हयात असले तरी देतात, किंबहुना तो त्यांचा मान समजतात. म्हणून एका घराण्यात एक पिढी सोडून तेच नाव पुन्हा येत राहते. आम्ही मुलाला म्हणालो, “बघ, हे आडवे निजलेले लोक आमच्या बाजूचे.” मुलगा म्हणाला, “पण पप्पा, तुमची सून उभ्या दगडांतली आहे.” ह्यावर उत्तर नव्हते.

उभ्या दगडांतच फ्रोमेट मेंडेल्सोन ह्या बाईंची कबर आहे. त्यांचे यजमान म्हणजे बर्लिनचे सुप्रसिद्ध तत्त्वज्ञ मोझेस मेंडेल्सोन (१७२९–१७८६). फ्रोमेट हॅम्बर्गच्या. लग्न १७६२ साली झाले. वैधव्यात ही बाई आपल्या गावाकडे परत आली आणि १८१२ मध्ये इथेच वारली. तिचा नातू फेलिक्स, तो मोठा संगीतकार, हॅम्बर्गलाच १८०९ साली जन्मला. गंमत अशी की त्याच काळात ह्याच शहरात दुसरे एक मोझेस मेंडेल्सोन राहत होते. तेही विद्वान, तेही लेखक, पण त्या घराण्याशी त्यांचे नाते नाही. त्यांनी अमेरिकेचा शोध कसा लागला ह्याविषयी हिब्रू भाषेत पुस्तक केले, ते १८०७ मध्ये आल्टोनात छापले गेले. पुढे जगप्रसिद्ध झालेले रब्बी साम्सोन राफाएल हिर्श ह्यांचे हे सख्खे चुलते. इतका मोठा माणूस, पण थोरल्या नावाच्या सावलीत गेला. ग्रंथालयाच्या यादीत मोझेस मेंडेल्सोन शोधू गेल्यास बर्लिनचे शेकड्यांनी सापडतात, हॅम्बर्गचे हाताला लागावयास चिकाटी पाहिजे. नाव मोठ्या माणसाचे मिळाले म्हणजे भाग्यच असे नव्हे.

आमच्या नावाचा जो सर्वांत श्रीमंत मनुष्य हॅम्बर्गला होऊन गेला त्याचे नाव सालोमन हाईने (१७६७–१८४४). हा पोरवयात रिकाम्या खिशाने हॅम्बर्गला आला आणि पुढे जर्मनीतील मोठमोठ्या सावकारांत गणला गेला. कवी हाइनरिश हाईने ह्याचा तो चुलता. पुतण्याला जन्मभर पैसा पुरविला आणि जन्मभर बोलही लावले. आपल्याकडचे काका असेच असतात. मे १८४२ मध्ये हॅम्बर्गला प्रचंड आग लागली, चार दिवस शहर जळत होते. आग पुढे सरकू नये म्हणून घरे सुरुंगाने उडवावी लागली, त्यांत ह्या सालोमनचे राहते घरही उडविले. त्याने त्याची तक्रार केली नाही, उलट शहर पुन्हा उभे करण्यासाठी पैशाची सोय केली. पत्नीच्या स्मरणार्थ त्याने ज्यू रुग्णालय बांधून दिले. ते रुग्णालय जागा बदलून आजही चालू आहे, आणि आमचा नातू कुठे जन्मला असेल असे आपणांस वाटते? नाही, तिथे नाही. आम्हांलाही तसे झाले असते तर सांगायला बरे वाटले असते. असो. एवढे करूनही हा सालोमन हाईने मरेपर्यंत हॅम्बर्गचा पूर्ण हक्काचा नागरिक झाला नाही, कारण तो ज्यू होता. आल्टोनात आणखी एक सालोमन होते, सालोमन लुडविग श्टाइनहाइम (१७८९–१८६६), व्यवसायाने डॉक्टर आणि वृत्तीने तत्त्वज्ञ. त्यांचे ग्रंथ वाचण्याइतकी आमची तयारी नाही, सबब त्यांना नमस्कार करून पुढे जातो.

आता मुख्य गोष्ट. हॅम्बर्गच्या ग्रिंडेल भागात विद्यापीठाच्या शेजारी एक मोकळे पटांगण होते. तिथे १९०६ साली बांधलेले बोर्नप्लाट्झचे भव्य प्रार्थनालय उभे होते. नोव्हेंबर १९३८ च्या त्या रात्री त्याची नासधूस झाली आणि पुढल्या वर्षी ते पाडून टाकले, पाडण्याचा खर्चही ज्यू समाजाच्याच माथी मारला. १९८८ मध्ये त्या पटांगणात, प्रार्थनालयाच्या छताची जी नक्षी होती तिच्या रेषा दगडांनी जमिनीवर आखल्या. आम्ही गेलो तेव्हा त्या रेषांवरून विद्यार्थी सायकली नेत होते. पटांगणाला १९८९ मध्ये जोसेफ कार्लेबाख ह्यांचे नाव दिले. कार्लेबाख म्हणताच आमचे पाय थांबले. आपण शुक्रवारी संध्याकाळी कब्बालात शाब्बाथच्या वेळी ज्या चालीवर गातो, ती चाल शेलोमो कार्लेबाख ह्यांची. आमचे कोकणातले जुने हज्जान असते तर त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या असत्या, पण तरुण मंडळी ती चाल लागली की टाळ्या धरतात. आम्ही मोठ्या ऐटीत सौ.ला सांगू लागलो, “हे बघ, गाणारे शेलोमो इथले, हे त्यांचे वडील, वडिलांना नाझींनी मारले, मुलगा बचावला आणि गायक झाला.” सौ.च्या डोळ्यांत पाणी आले. मुलगा गप्प राहिला.

पटांगणाला लागूनच जुनी तालमुद तोरा शाळा आहे. तिथे २००७ पासून पुन्हा ज्यू समाजाची शाळा भरते आणि तिलाही कार्लेबाख ह्यांचेच नाव आहे. तिथल्या एका शिक्षकांशी मुलाची ओळख होती. आमची कथा ऐकून ते गृहस्थ हसले नाहीत, पण त्यांनी आम्हांला बाकावर बसविले आणि म्हणाले, “आपण दोन माणसांची एक कथा केली आहे.”

खरी हकीकत अशी. ल्यूबेक शहरात सालोमन कार्लेबाख (१८४५–१९१९) हे रब्बी होते. १८७० पासून मरेपर्यंत एकाच गावची सेवा केली. त्यांना बारा मुले, त्यांतले कित्येक पुढे स्वतः रब्बी झाले. हे १९१९ मध्ये गेले. मग १९२५ ह्या एकाच वर्षी दोन मुलांच्या घरी मुलगे जन्मले आणि दोघांनीही गेलेल्या वडिलांचे नाव ठेवले. जानेवारीत बर्लिनला जन्मला तो नफ्ताली ह्यांचा शेलोमो. ऑगस्टमध्ये हॅम्बर्गला जन्मला तो जोसेफ ह्यांचा शेलोमो. आजोबा एक, आडनाव एक, नाव एक, साल एक. सख्खे चुलतभाऊ.

पहिल्याचे आईवडील नंतर ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ राहत होते. ते वेळीच निघाले आणि १९३९ मध्ये न्यूयॉर्कला पोचले. हाच मुलगा गिटार घेऊन जगभर गात हिंडला, १९९४ मध्ये वारला आणि जेरुसलेममध्ये विसावला. त्याच्याच चाली आपण गातो.

दुसऱ्याचे वडील जोसेफ. हे गणित आणि पदार्थविज्ञान शिकलेले. तरुणपणी जेरुसलेममध्ये शिक्षक होते. १९२१ ते १९२६ पर्यंत ह्याच शाळेचे मुख्याध्यापक, नंतर आल्टोनाचे प्रमुख रब्बी, १९३६ पासून हॅम्बर्गचे. नऊ मुले. मोठ्या मुलांना परदेशी पाठवून दिले, पण स्वतः जागचे हलले नाहीत, कारण म्हातारे आणि गरीब लोक मागे राहिले होते आणि त्यांना कोणी हवे होते. ६ डिसेंबर १९४१ रोजी पत्नी आणि चार धाकट्या मुलांसह त्यांना गाडीत घालून लाटव्हियात रिगाजवळच्या युंगफर्नहोफ छावणीत नेले. त्या छावणीतही त्यांनी मुलांना शिकविले. २६ मार्च १९४२ रोजी रब्बी, त्यांची पत्नी आणि तीन मुली ह्यांना जंगलात नेऊन गोळ्या घातल्या. मुलगा शेलोमो तेव्हा सोळा वर्षांचा, त्याला कामासाठी मागे ठेवले. एका छावणीतून दुसऱ्या छावणीत फिरत फिरत तो १९४५ साली जिवंत सुटला. पुढे अमेरिकेत रब्बी झाला, ब्रुकलिनच्या चाईम बर्लिन यशिवात विद्यार्थ्यांचा मार्गदर्शक म्हणून त्याने काम केले. त्याने गाण्याच्या तबकड्या काढल्या नाहीत, म्हणून आपणांस तो ठाऊक नाही. “ते हयात आहेत,” शिक्षक म्हणाले. “चौऱ्याण्णवाव्या वर्षात आहेत. तुमच्या कथेत ते उरतच नाहीत.”

बंधू-भगिनींनो, आम्हांला स्मरणिकेतली ती यादी आठवली. आमचा जीव पुस्तकातल्या एका ओळीने गेला तेव्हा आम्ही अंडी खाऊन हसलो होतो. इथे आम्हीच एका जित्या माणसाला त्याच्या भावाच्या नावाखाली गाडून टाकले होते, आणि तेही डोळ्यांत पाणी आणून.

शिक्षकांनी विचारले, तुमच्या समाजात असे होते का? आम्ही म्हणालो, होते म्हणजे काय, आमचा सगळा इतिहासच एका नावावर अडकला आहे. मग त्यांना दाविद रहाबींची कथा सांगितली. आपल्या पूर्वजांचे जहाज फुटले, सात जोडपी नवगावच्या किनाऱ्याला लागली, पुस्तके गेली, भाषा गेली, शेमा तेवढा राहिला. तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून शनवार तेली झालो. मग कोठूनसे दाविद रहाबी आले. त्यांनी बायकांपुढे नाना जातींचे मासे ठेवले, बायकांनी खवले-पंखांचे मासे वेगळे काढले, तेव्हा त्यांनी ओळखले की हे आपले लोक. त्यांनी धर्म शिकविला आणि झिराडकर, शापूरकर, राजपूरकर ह्या तीन घराण्यांतून काजी नेमले.

हे सर्व केव्हा घडले? हाईम सॅम्युएल केहिमकर ह्यांनी आपल्या इतिहासात, जो १९३७ मध्ये तेल अवीवला छापला, हे सुमारे नऊशे वर्षांपूर्वीचे धरले. कोणी म्हणाले, थोर रामबाम ह्यांचा भाऊ दाविद व्यापारासाठी हिंदी महासागरात निघाला व बुडाला, तोच हा. बुडालेला माणूस कोकणात शाळा कशी काढील, हा प्रश्न विचारायचा नाही. आणि मग कोचीनचे दाविद रहाबी आहेत (१७२१–१७९१), डच कंपनीचे बडे व्यापारी एझेकिएल रहाबी ह्यांचे चिरंजीव. ह्यांच्याबद्दल शंका नाही, कागदपत्रे आहेत. एझेकिएल ह्यांनी १७६८ मध्ये हॉलंडला हेग येथील टोबियास बोआस ह्यांना पत्र लिहिले, त्यात मराठी मुलखातल्या बेने इस्राएलांचा उल्लेख आहे. अनेक अभ्यासक म्हणतात, परंपरेतले रहाबी म्हणजे हेच कोचीनचे दाविद, काळ मात्र लोकांनी मागे ढकलला.

आमचे मत विचाराल तर आम्हांला हा तिसरा दाविद पटतो. पण पटला की एक मोठी पंचाईत येते. शिकवणारे आठशे-नऊशे वर्षांपूर्वी आले नसतील, तर इतकी शतके आपल्या बायाबापड्यांनी शेमा आणि शाब्बाथ कोणाही गुरूवाचून सांभाळला. आम्हांला तर ही गोष्ट माशांच्या कथेहून मोठी वाटते. शिक्षकांनी वहीत लिहून घेतले. स्पेलिंग आम्ही सांगितले.

परत येताना मुलाने रस्त्यातले पितळी दगड दाखविले. दहा सेंटिमीटर चौरस, फरसबंदीत बसविलेले, ज्या घरातून माणूस नेला त्या घरासमोर. वर ‘येथे राहत होते’ आणि नाव, जन्मसाल, कोठे नेले, काय झाले. हॅम्बर्गात असे पाच हजारांहून अधिक आहेत. वाचायला वाकावे लागते, आणि आमच्या वयात वाकले की उठायला वेळ लागतो, म्हणून आम्ही सावकाश वाचीत गेलो. मुलाने त्या वेळी आम्हांला माहीत नसलेली एक गोष्ट सांगितली. १७ ऑगस्ट १९३८ रोजी जर्मन सरकारने फर्मान काढले की सरकारी यादीतील ठरावीक ज्यू नावांपैकी नाव ज्याचे नाही, अशा प्रत्येक ज्यू पुरुषाने १ जानेवारी १९३९ पासून आपल्या नावात ‘इस्राएल’ हे नाव जोडावे आणि प्रत्येक बाईने ‘सारा’. ओळखपत्रावर तेच, सहीतही तेच. ज्यांचे नाव हान्स, कुर्ट, वाल्टर, ते सगळे एका दिवसात इस्राएल झाले.

आम्ही तिथेच एका पायरीवर बसलो. इस्राएल हे आपले नाव आहे. आपण बेने इस्राएल. आपल्यापैकी किती घराण्यांनी हे आडनाव म्हणून हौसेने लावले! आपले इतिहासकार बेंजामिन इस्राएल (१९०६–१९८७) ह्यांनी तेच लावले. सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे आपले सॅम्युएल एझेकिएल, टिपूच्या कैदेत सापडले तेव्हा जात कोणती असे विचारता त्यांनी ‘बेने इस्राएल’ असे सांगितले. टिपूच्या आईने ते नाव कुराणात असल्याचे सांगून त्यांचा जीव वाचविला, अशी आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकत आलो. सुटून आल्यावर त्यांनी १७९६ मध्ये मुंबईत आपली पहिली मशीद बांधली. एका ठिकाणी ज्या नावाने गळ्यावरची तलवार निघाली, दुसऱ्या ठिकाणी तेच नाव माणसे मोजून गाडीत भरण्यासाठी वापरले. पाच हजार दगडांवर पाच हजार निरनिराळी नावे कोरण्याचा खटाटोप त्या शहराने का केला, ते तेव्हा आमच्या ध्यानात आले.

घरी आलो तो बाळ जन्मल्याचा फोन. आठव्या दिवशी मिला ठरली. नाव अजून ठरले नव्हते. आदल्या रात्री सुनेच्या आजी स्वयंपाकघरात बसल्या होत्या. आम्ही मुलाला दुभाषा करून त्यांच्यासमोर बसलो आणि म्हणालो, नाव तुम्ही सांगा, आमचा हट्ट नाही. त्या बराच वेळ चहाचा पेला फिरवीत राहिल्या. मग जे सांगितले ते त्यांच्या नातीलाही माहीत नव्हते. त्यांना एक थोरला भाऊ होता. १९४१ च्या ऑक्टोबरात ओडेसात ज्यूंची कत्तल झाली त्यात तो गेला, सोळा वर्षांचा. कबर नाही, दगड नाही. घरात ज्यू नावे ठेवण्याचे ते दिवस नव्हते, म्हणून त्याचे नाव कोणालाच दिले गेले नाही. पहिल्यांदाच नाव देता येईल असा मुलगा घरात आला. आणि भावाचे नाव होते श्लोयमे. म्हणजे शेलोमो.

“मग अडचण काय?” आम्ही विचारले.

मुलाने भाषांतर केले आणि तो स्वतःच खाली पाहू लागला. “त्या म्हणतात, अडचण तुम्ही आहात. तुम्ही जिवंत आहात.”

त्या बाई आठवडाभर आमच्या नावाला नव्हे, आमच्या असण्याला भीत होत्या. भावाचे नाव ओठांशी आलेले आणि त्या नावाचा एक म्हातारा समोर बसून पाव खातो आहे. आम्हांला काय बोलावे सुचेना. आणि मग स्मरणिका आठवली. आम्ही मुलाला म्हटले, “त्यांना सांग, आमच्या समाजाच्या पुस्तकात आम्ही केव्हाच वारलो आहोत. छापील पुरावा आहे. हश्काबाही झाली आहे. दूत यायचा तो कागद पाहून परत गेला असेल.” सौ.ने पदराने तोंड झाकले. मुलाने कसेबसे सांगितले. आजींनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग त्या हसू लागल्या, इतक्या की चहा सांडला, आणि हसता हसताच टेबलावर डोके ठेवून रडल्या. थोड्या वेळाने डोके वर करून त्यांनी एकच प्रश्न विचारला, “पूर्ण नाव काय तुमचे? वडिलांचे, गावाचे, सगळे सांगा.” आम्ही सांगितले. त्यांनी ते एकदा स्वतः उच्चारून पाहिले. ‘कर’ म्हणजे काय ते विचारले. गावचा माणूस, असे सांगितले. त्या म्हणाल्या, एवढे लांब नाव असल्यावर दूताची चूक व्हायची नाही.

दुसऱ्या दिवशी मुलाचे नाव शेलोमो ठेवले. मोहेलने ते मोठ्याने उच्चारले तेव्हा खोलीत निम्म्या लोकांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही आजींकडे पाहत होतो. ते नाव आमचे नव्हते, ह्याचे त्या क्षणी थोडे वाईट वाटले, खोटे कशाला बोलावे. झबले मात्र तेच घातले, अक्षरे तीच होती.

जुलै २०२२ मध्ये हॅम्बर्गचे शेलोमो कार्लेबाख ब्रुकलिनला वारले. मुलाने फोन करून कळविले, आणि आम्ही इथे त्यांच्यासाठी मेणबत्ती लावली. ह्या वेळी कोणासाठी लावतो आहोत ते नीट माहीत होते.

आता कार्यकारी मंडळाची परवानगी घेऊन एक विनंती. येत्या स्मरणिकेसाठी सभासदांची आणि दिवंगतांची यादी नव्याने करावयाची ठरले आहे. त्यासाठी छापील अर्ज मागच्या टेबलावर ठेवले आहेत. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आईचे नाव, कोकणातले गाव आणि चाळीत ज्या नावाने हाक मारीत ते नाव, असे पाच रकाने आहेत. घरातून गेलेल्या प्रत्येकासाठी वेगळा अर्ज घ्यावा. ज्यांनी चष्मा आणला नसेल त्यांचा अर्ज आम्ही लिहून देऊ. आमचा स्वतःचा अर्ज भरून सर्वांत वर ठेवला आहे, आणि त्यावर ‘हयात’ ह्या शब्दाखाली दोन रेघा मारल्या आहेत.